छोट्या आरपीजींसाठी खेळाडू कुठून आणायचे?

जून २०२० मध्ये इच डॉट आयओ या संकेतस्थळाने वांशिक न्यायाच्या कामासाठी निधी उभारायला खेळांचा एक संच विक्रीला ठेवला. किमान ५ डॉलर द्यायचे आणि १,७०० हून अधिक गोष्टी उतरवून घ्यायच्या. त्यातून ८० लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमली. संचात बहुतेक व्हिडिओ गेम होते, पण टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमच्या, म्हणजे आरपीजींच्या, पीडीएफही भरपूर होत्या. व्हिडिओ गेम उतरवला की लगेच खेळता येतो. आरपीजीला तीन-चार माणसं लागतात, टेबल लागतं आणि सगळ्यांची एकच संध्याकाळ मोकळी असावी लागते. त्यामुळे या खेळांची पुस्तकं जमतात भराभर आणि खेळली जातात फार थोडी. हा लेख अशा पुस्तकांच्या मालकांसाठी आहे.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आरपीजीत प्रत्येक जण एकेक पात्र होतो, ते पात्र काय करतं, काय बोलतं हे सांगतो आणि सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. पुढे काय होईल हे ठरत नसेल तिथे फासे किंवा पत्ते कौल देतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून, म्हणजे डी अँड डीपासून, याची सुरुवात झाली. आज तो खेळ हॅस्ब्रोच्या पंखाखाली आहे आणि बहुतेकांना आरपीजी म्हणजे तेवढाच ठाऊक असतो. त्याच्या पलीकडे मात्र एका-दोघांनी लिहिलेले, त्यांनीच छापलेले आणि विकलेले शेकडो छोटे खेळ आहेत. कुणी उंदीर होऊन पोटमाळ्यावरचा खजिना शोधतं, कुणी गावाचं एक वर्ष नकाशावर रेखाटतं, कुणी राणीवरचं आपलं प्रेम किती खरं आहे ते तपासतं. मला हे छोटे खेळ मनापासून आवडतात. ते एका बैठकीत संपतात आणि त्यांना काय सांगायचंय ते नेमकं ठरलेलं असतं.

डी अँड डीचं टेबल मोठ्या शहरात थोडं विचारलं की सापडतं. छोट्या खेळांचं तसं नाही. 'फियास्को' खेळणारे कुणी आहेत का असं विचारत फिरलात तर उत्तर येणार नाही, कारण तो खेळ ऐकलेलाच कुणी नसतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की आरपीजी खेळणारी माणसं शोधत बसू नका. तुमच्या ओळखीतली कोणती माणसं गोष्टीत रमतात ते बघा आणि त्यांना एका ठरावीक संध्याकाळी एका ठरावीक खेळासाठी बोलवा. छोट्या खेळांना बरेचसे चांगले खेळाडू अशा लोकांतूनच मिळतात ज्यांनी स्वतःला कधी खेळाडू म्हटलेलं नसतं.

ही माणसं कुठे असतात?

मराठी मुलखात सगळ्यात आधी नाटकवाल्यांकडे जा. पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा यांतून दरवर्षी असंख्य मुलंमुली तालमी करतात आणि कॉलेज संपलं की त्यांतली बहुतेक नोकरीला लागतात. रंगमंच सुटतो, हौस राहते. तीन तासांत संपणारं, प्रेक्षक नसलेलं, पाठांतराची गरज नसलेलं काही करायला मिळतंय म्हटल्यावर ही मंडळी खुशीने येतात. त्यांची एक सवय मात्र आवरावी लागते. नट टेबलावर बसला की प्रवेश ताब्यात घेतो, लांब स्वगत म्हणतो आणि बाकीचे बघत राहतात. इथे समोरच्याला वाव देणं हेच काम आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा. लेखक-दिग्दर्शकाकडे झुकणारी माणसं नटांपेक्षाही चांगली खेळतात, असं माझं निरीक्षण आहे, कारण त्यांना स्वतःच्या पात्राइतकीच पूर्ण गोष्टीची काळजी असते. आणि स्पर्धेच्या तालमी सुरू असतील त्या दिवसांत यांना बोलावू नका. कुणी येणार नाही.

दुसरी जागा वाचणाऱ्यांची. वाचनकट्टे, पुस्तकांवर गप्पा मारणारे गट, ग्रंथालयात नियमाने येणारी चार माणसं. या लोकांना पात्र, प्रसंग, शेवट यांची जाण असते, पण चारचौघांत 'होऊन' बोलायचा संकोच असतो. त्यांच्यासाठी पात्राच्या तोंडून बोलावं लागणार नाही असा खेळ निवडायचा. तसे खेळ आहेत, पुढे सांगते.

क्विझवाले, बोर्डगेम खेळणारे, ट्रेकला जाणारे गट यांतूनही माणसं मिळतात. सगळ्यांत सामाईक गोष्ट एकच, की त्यांना ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एकत्र जमायची सवय आहे. ही सवय गोष्टीच्या आवडीइतकीच महत्त्वाची आहे. 'बघू, जमलं तर येतो' म्हणणारा कितीही कल्पक असला तरी पहिल्या बैठकीला त्याच्यावर विसंबू नका.

घरातल्यांना विसरू नका. बहीण, वहिनी, मामेभाऊ, शेजारच्या काकू. दिवाळीच्या सुट्टीत सगळे जमलेले असताना पत्ते कुटण्याऐवजी एक तासाचा खेळ काढला तर कुणी ना कुणी रमतंच. दहा-बारा वर्षांची मुलं घरात असतील तर आयझॅक विल्यम्सचा 'माउसरिटर' काढा. त्यात सगळे तलवारधारी उंदीर असतात आणि आपल्याजवळच्या वस्तूंची छोटी कार्डं कापून कागदावरच्या चौकटींत ठेवायची असतात. मुलांना ती कार्डं हाताळायला फार आवडतं. मुलं रमली की त्यांचे मित्र येतात आणि मित्रांच्या पालकांशीही ओळख होते.

खेळ माणसांकडे बघून निवडा

आपल्याला आवडलेला खेळ लोकांवर लादू नये. कोण येणार हे आधी ठरवा, मग खेळ काढा.

येणारे बुजरे असतील तर ॲव्हरी ऑल्डर यांचा 'द क्वाएट इयर' उत्तम. २०१३ चा हा खेळ दोन ते चार जणांसाठी आहे. मोठा कोरा कागद, पेन्सिली आणि पत्त्यांचा जोड एवढंच लागतं. एका वस्तीचं एक वर्ष खेळायचं. प्रत्येक पान म्हणजे एक आठवडा, चार रंग म्हणजे चार ऋतू. पान उचललं की काहीतरी घडतं आणि ते नकाशावर काढायचं. कुणालाही पात्र व्हावं लागत नाही, आवाज बदलावा लागत नाही. इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपतो, मग बाकीची पानं उरली असली तरी. ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांनाही विहिरीसाठी गोल आणि शेतासाठी चार रेघा काढता येतातच. तासाभरात त्या कागदावर वाद सुरू होतो, की पाणी आधी की कुंपण आधी. गाव जवळून पाहिलेल्या माणसांकडून या खेळात जे तपशील येतात ते मूळ पुस्तकाच्या लेखिकेलाही सुचले नसते.

बोलायला आवडतं पण नियम वाचायचा कंटाळा आहे अशांसाठी ॲलेक्स रॉबर्ट्स यांचा 'फॉर द क्वीन', २०१९ चा. नुसती कार्डं. नियमसुद्धा कार्डांवरच छापलेले असतात आणि खेळणारे आळीपाळीने ते वाचतात, त्यामुळे कुणी आधी अभ्यास करून यायचं कारण नाही. तुम्ही राणीच्या सोबतीला निघालेले आहात, तिच्यावर तुमचं प्रेम आहे, आणि प्रत्येक कार्ड तुम्हाला त्या नात्याबद्दल एक प्रश्न विचारतं. शेवटच्या कार्डावर राणीवर हल्ला होतो, तेव्हा तुम्ही तिचं रक्षण कराल का? एवढंच. अर्ध्या तासात संपवता येतो आणि दोन तासही चालतो. पाहुणे जेवायला थांबलेत अशा रात्री यासारखा दुसरा खेळ नाही. कार्डावरचे प्रश्न मोठ्याने मराठीत सांगत गेलात तर उत्तरंही मराठीत येतात, आणि मराठीत आली की ती जास्त खरी येतात.

नियमांची धास्ती असलेल्यांसाठी जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' आहे. अख्खा खेळ एका पानावर, फुकट. तुम्ही अंतराळयानाचे कर्मचारी. पात्र बनवताना २ ते ५ यांतला एक आकडा निवडायचा. तुमचा आकडा ४ असेल, तर इंजिन दुरुस्त करायला फाशावर ४ पेक्षा कमी पडावं लागतं आणि संतापलेल्या परग्रहवासीयाची समजूत काढायला ४ पेक्षा जास्त. बरोबर ४ पडला तर जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, एक प्रश्न विचारायची मुभा मिळते. यंत्रात हुशार माणूस माणसांत कमी पडतो, हे त्या एका आकड्यातून लगेच कळतं. लुडोचे फासे पुरतात.

आता 'फियास्को'. यावर थोडं थांबायला हवं, कारण मराठी टेबलावर हा खेळ सगळ्यांत चांगला रुजेल असं मला वाटतं. जेसन मॉर्निंगस्टार यांचा हा खेळ २००९ मध्ये आला, पुढे त्याची पत्त्यांची आवृत्तीही निघाली. तीन ते पाच जण, जीएम नाही, आधीची तयारी नाही. मोठी स्वप्नं पाहणारी पण स्वतःवर ताबा नसलेली माणसं एक बेत आखतात आणि तो सपशेल फसतो. मूळ आवृत्तीत माणशी चार फासे, दोन रंगांत. चौघांना सोळा. सुरुवातीला सगळे फासे टाकायचे आणि पडलेल्या आकड्यांनुसार 'प्लेसेट' नावाच्या यादीतून नाती, गरजा, जागा आणि वस्तू निवडायच्या. प्रत्येक दोन शेजाऱ्यांमध्ये एक नातं येतं. मग दोन अंक, दर अंकात प्रत्येकाचे दोन प्रवेश, आणि मध्यंतराला सगळं उलटंपालटं करणारी एक घटना. दोन अंकी नाटकाची ज्यांना सवय आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

प्लेसेट कुणालाही लिहिता येतो आणि खेळाडू मिळवायचं सगळ्यांत जोरदार साधन तेच आहे. समजा तुम्ही गणेशोत्सव मंडळावर लिहिलात. नात्यांत 'आजी आणि माजी अध्यक्ष', 'वर्गणी मागत फिरणारी जोडी', 'एकाच घरात चुली वेगळ्या झालेल्या जावा' असं लिहा. गरजांत 'विसर्जनाच्या आत हिशेब जुळवायचाय', 'एकदा तरी महाआरतीचा मान मिळवायचाय'. जागांत 'मांडवामागची सामानाची खोली', 'नगरसेवकाचं संपर्क कार्यालय'. वस्तूंत 'दानपेटीची दुसरी किल्ली' आणि 'मधली दहा पानं फाडलेलं पावतीपुस्तक'. आता फक्त फासे पडू द्या. जावांच्या मध्ये ते पावतीपुस्तक आलं की पुढचा तासभर कुणाला काही सुचवावं लागणार नाही. पूर्ण प्लेसेटसाठी प्रत्येक सदरात सहा गट आणि प्रत्येक गटात सहा नोंदी हव्यात. काम एका रविवारचं आहे. कोकणातलं सामाईक घर आणि सातबाऱ्यावरची नावं, साखर कारखान्याची निवडणूक, चाळीचा पुनर्विकास, काहीही चालेल. फक्त आपल्याच सोसायटीतली ओळखता येतील अशी माणसं त्यात घालू नका. खेळ संपल्यावरही त्यांच्याशी जिन्यात भेट होतच असते.

लांब मालिकेसारख्या चालणाऱ्या खेळांनी सुरुवात करू नका. जॉन हार्पर यांचाच 'ब्लेड्स इन द डार्क' मला अतिशय प्रिय आहे, पण तो आठवड्यामागून आठवडे खेळण्यात मजा आहे, आणि अनोळखी चौघांकडून पहिल्याच भेटीत इतका शब्द मागणं चूक आहे. तीन-चार छोट्या बैठका झाल्या, कोण कोणाशी जुळतं ते कळलं, की तो काढायचा.

निमंत्रण कसं लिहायचं

'कुणाला आरपीजी खेळायला आवडेल का?' असा संदेश व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात की दोन अंगठे येतात आणि विषय संपतो. ग्रुपवर विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. एकेकाला वेगळा संदेश पाठवा आणि त्यात सगळं लिहा. असं काहीतरी:

'शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ माझ्या घरी ये. चौघांनी मिळून एक गोष्ट रचायची आहे. एक गणेशोत्सव मंडळ, वर्गणीचे पैसे, आणि दोन रात्रींत सगळ्यांची उडालेली दाणादाण. प्रत्येकाचं एक पात्र असेल. अभिनय यायला हवा असं काही नाही. नियम मी तिथेच दहा मिनिटांत सांगेन, आधी काही वाचायचं नाही. तीनच जागा आहेत. तू कॉलेजात लिहायचीस म्हणून तुलाच आधी विचारतेय. बुधवारपर्यंत कळव. चहा-भजी माझ्याकडे.'

यात 'आरपीजी' हा शब्द नाही, खेळाचं इंग्रजी नाव नाही, नियमांचा तपशील नाही. गोष्ट कशाची आहे ते आहे, सुटायची वेळ आहे आणि तिलाच का विचारलं त्याचं कारण आहे. सुटायची वेळ लिहिणं फार गरजेचं. शनिवारची लोकल, घरी वाट बघणारी मुलं, डबा, सगळ्याचा विचार करून माणूस हो म्हणत असतो. आठ म्हणजे आठ. गोष्ट रंगात आली असली तरी पावणेआठला शेवटाकडे वळवा. वेळेवर सुटलेली माणसं पुढच्या वेळी परत येतात.

किती जणांना बोलवायचं? ऐन वेळी एक जण गळतो हे गृहीत धरा. म्हणून खेळ असा निवडा जो तिघांतही होतो आणि पाचांतही, आणि चौघांना बोलवा. तुम्ही धरून पाच. दोघं आली नाहीत तरी तिघांचा खेळ करायचाच. 'सगळे जमतील तेव्हा करू' म्हटलं की ती संध्याकाळ कधीच येत नाही.

अमेरिकेत जेन कॉनसारख्या मोठ्या संमेलनात छोट्या खेळांसाठी 'गेम्स ऑन डिमांड' नावाची एक पद्धत चालते. आधी नोंदणी करायची नाही, दारात खेळांची यादी असते, येणाऱ्याने हवा तो निवडायचा आणि दोन किंवा चार तास बसायचं. कधीही न ऐकलेल्या खेळाला माणसं मिळतात ती यामुळे. निवडलेला खेळ आपला वाटतो. घरच्या बैठकीतही दोन पर्याय देऊन बघा. 'गावाचा नकाशा काढायचा की राणीबरोबर निघायचं?' इतका साधा प्रश्न. दोनच द्या. पाच दिलेत की चर्चेतच अर्धा तास जातो.

अनोळखी माणसं बोलावताना

ओळखीतली माणसं संपली की अनोळखी लोकांकडे वळावं लागतं. पुण्या-मुंबईत, बंगळुरात बोर्डगेम ठेवणारे कॅफे आहेत. तिथल्या व्यवस्थापकाशी आधी बोला. आठवड्यातल्या मंदीच्या दिवशी चार-पाच गिऱ्हाईकं तीन तास बसणार, खाणार, हे त्यांनाही चालतं. कोपऱ्यातलं टेबल मागा, कारण आरपीजीत ऐकू येणं हेच सगळं असतं आणि शेजारच्या टेबलावर आरडाओरडा असेल तर बुजरा माणूस गप्प होतो. कॅफे नसेल तर सोसायटीचं सभागृह, ग्रंथालयाची खोली, ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानातली मागची जागा.

पहिली भेट घरी ठेवू नका, विशेषतः तुम्ही पुरुष असाल आणि स्त्रियांनी यावं असं तुम्हाला वाटत असेल तर. सार्वजनिक जागा, कोण कोण येणार त्यांची नावं सगळ्यांना आधी कळवलेली, सुटायची वेळ नक्की. टेबलावर आधीपासून एक-दोन स्त्रिया असतील तर आणखी येतात, एकटीने यायला सांगितलं तर येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. सोबत मैत्रीण आणायची मुभा द्या. शाळकरी मुलं येणार असतील तर पालकांशी थेट बोलल्याशिवाय त्यांना बसवू नका.

गोष्टीत काय येणार नाही हे सुरुवातीच्या पाच मिनिटांत ठरवून घ्या. रॉन एडवर्ड्स यांनी 'रेषा आणि पडदे' अशी एक सोपी पद्धत मांडली आहे. रेषेपलीकडची गोष्ट खेळात येणारच नाही. पडद्याआडची गोष्ट घडली तरी दाखवायची नाही, पुढच्या प्रसंगाकडे जायचं. आपल्याकडे जातीवरचा अपमान, बलात्कार, आत्महत्या, मुलांवरची हिंसा हे विषय कुणाच्या घरातलं काय उघडं करतील सांगता येत नाही. म्हणून विचारायचं, पण कारण विचारायचं नाही. याशिवाय एका कोऱ्या कार्डावर मोठी फुली काढून टेबलाच्या मधोमध ठेवा. जॉन स्टाव्हरोपुलोस यांनी रूढ केलेल्या या एक्स-कार्डाला कुणीही हात लावला की नुकतं जे बोललं गेलं ते गोष्टीतून काढून टाकायचं आणि पुढे जायचं. 'फॉर द क्वीन'च्या संचात हे कार्ड येतंच. काही जुने खेळाडू याला नाक मुरडतात. माझा अनुभव उलटा आहे. कार्ड समोर असलं की माणसं जास्त मोकळेपणाने बोलतात, कारण अडलं तर थांबता येईल हे त्यांना माहीत असतं.

एखादा माणूस टेबल बिघडवतोच. दुसऱ्याचं बोलणं तोडतो, प्रत्येक स्त्रीपात्राशी लगट करतो, सगळ्या प्रसंगांत तलवार काढतो. तिथल्या तिथे एकदा शांतपणे सांगा, नंतर एकट्याला बाजूला घेऊन सांगा, आणि तरी सुधारला नाही तर पुढचं निमंत्रण पाठवू नका. त्याच्या भिडेखातर बाकीचे तिघं गमावाल.

डी अँड डी खेळणाऱ्यांना वळवायचं असेल तर

त्यांच्या खेळाला नावं ठेवू नका. छोट्या खेळांचे चाहते इथे हमखास चुकतात. समोरचा जिथे दोन वर्षं मित्रांबरोबर हसला-रडला तो खेळ कसा बोजड आहे हे ऐकायला तो येणार नाही. संधी वेगळी असते. त्यांच्या ठरलेल्या टेबलावर एखाद्या रात्री एक जण आजारी पडतो, किंवा त्यांचा जीएम तयारीने थकलेला असतो. त्याच रात्रीसाठी तुमचा एका बैठकीचा खेळ घेऊन तयार राहा. जीएमला एकदा नुसतं खेळाडू म्हणून बसायला मिळालं की तो तुमचा सगळ्यांत पक्का साथीदार होतो.

या मंडळींना फाशाविना चुकल्यासारखं वाटतं. म्हणून योचाई गाल यांचा 'केर्न' काढा. नियम थोडे, पुस्तक फुकट, आणि जंगल, भुयारं, राक्षस त्यांच्या ओळखीचे. त्यानंतर व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मधून निघालेल्या खेळांकडे जाता येतं. त्यांत दोन साधे फासे टाकायचे. १० किंवा जास्त पडले तर काम फत्ते, ७ ते ९ ला काम होतं पण किंमत मोजावी लागते, ६ किंवा कमीला परिस्थिती बिघडते. ते ७ ते ९ फार वेळा पडतं, आणि गोष्ट तिथूनच पुढे सरकते. हे एकदा टेबलावर पाहिलेला माणूस पुढचे खेळ स्वतःच मागायला लागतो.

बेन रॉबिन्स यांनी 'वेस्ट मार्चेस' नावाने चालवलेल्या टेबलाची रीतही उपयोगी आहे. दहा-बारा खेळाडूंचा एक मोठा गट असतो, त्यांतले जे त्या दिवशी मोकळे असतील ते येतात, आणि प्रत्येक मोहीम त्याच रात्री गावात परत येते. त्यामुळे पुढच्या वेळी वेगळी माणसं आली तरी गोष्ट अडत नाही. दिवस कोणता हे खेळाडूच आपसांत ठरवतात. ज्यांच्या नोकऱ्या पाळ्यांच्या आहेत त्यांच्यासाठी यापेक्षा सोयीची रीत मला माहीत नाही.

गावात कुणीच नसेल तर

मग ऑनलाइन. डिस्कॉर्डवर आवाजी खोली उघडायची, फासे टाकायला रोल२० सारखी जागा वापरायची. बऱ्याच छोट्या प्रकाशकांचे डिस्कॉर्डवर स्वतःचे कट्टे आहेत आणि तिथे खेळाडू हवेत अशा सूचना लागत असतात. आधी कुणाच्या तरी टेबलावर खेळाडू म्हणून बसा, मग स्वतःचं टेबल मांडा. पडद्यावर चारांपेक्षा जास्त जण नकोत. एकमेकांचं बोलणं अडतं आणि सगळे थकतात.

मराठीत खेळायचं असेल तर परदेशातल्या मराठी माणसांना यात घ्या. तिथे मराठीत गप्पा मारायला, खोटं भांडायला मिळतंय याचं मोल इथल्यापेक्षा जास्त आहे. वेळ जमते. आपल्याकडे शनिवारी रात्री ९ वाजता लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेचार वाजलेले असतात, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेअकरा आणि कॅलिफोर्नियात साडेआठ. तिथे हिवाळा सुरू झाला की हे सगळं एक तास मागे सरकतं, ते विसरू नका. त्या एका तासापायी कितीतरी टेबलं मोडतात.

पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. हे खेळ लिहिणारी माणसं एकटी असतात आणि पन्नास-शंभर प्रतींचा फरक त्यांना पुढचा खेळ लिहायला मिळेल की नाही हे ठरवतो. डॉलरमधली किंमत आपल्याला जड जाते हे खरं आहे. इच डॉट आयओवर अनेक लेखक ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काही मोफत प्रती राखून ठेवतात. त्या बिनसंकोच घ्या. खेळाडूंना पुस्तक लागतच नाही, त्यांना पात्राचा कागद आणि तुम्ही हाताने लिहिलेलं एक पान मराठी नियम पुरे.

दुसरी बैठक

पहिली बैठक झाली की त्याच रात्री एक संदेश पाठवा. खेळातला एखादा प्रसंग आठवून लिहा, 'पावतीपुस्तक सासूच्या उशीखाली ठेवायची कल्पना तुझीच होती' असं काहीतरी, आणि पुढची तारीख द्या. तीन आठवड्यांच्या आत. महिना उलटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून जमवावं लागतं. पुढच्या वेळी यांतल्याच कुणाला तरी आपल्या एका मित्राला आणायला सांगा. एकच. दोन नवे एकदम आले की जुन्यांची घडी विस्कटते.

शक्य तितक्या लवकर खेळ चालवायचं काम दुसऱ्याच्या हाती द्या. बिनजीएमच्या खेळांनी सुरुवात करायचा हाही फायदा आहे, की सगळ्यांना आपण चालवू शकतो असं वाटायला लागतं. ज्याने सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले त्याच्या हातात पुस्तक द्या आणि घरी न्यायला सांगा. तो वाचेल, पुढच्या वेळी चुकत-माकत चालवेल, तुम्ही समोर बसून नुसते खेळा आणि नियमांत चुकला तरी मध्ये बोलू नका. त्याच्या ओळखीची माणसं वेगळी असतात. नवे तीन खेळाडू तिथून येतात.